अक्षरामागे दोन सेडी

भिंत तीच. सभागृहाच्या दाराशी, उजवीकडे,
जिथे तीन वाजल्याशिवाय सावली येत नाही.
पहिल्यांदा माझ्या बापाने रंगवली.
कॉलेज म्हणजे तेव्हा दोन शेड, एक लेथ
आणि अंकोब्रा नदीकडे उतरणारी पायवाट.
शिडी धरायला मी. नऊ वर्षांचा.
त्याने लिहिलं होतं :
पंप दुरुस्त करतील, पूल बांधतील
आणि आपापल्या गावी परत जातील
अशी माणसं इथे घडवू.
निळा रंग. एकच हात.

त्यानंतर चार वेळा मी तिथे शिडी लावली.
जुनी अक्षरं कुणी खरवडत नाही,
वरून पांढरा हात मारतात, झालं.
माझा आताचा दर : अक्षरामागे दोन सेडी,
स्वल्पविराम फुकट.
म्हणून वाक्य मी हिशोबाच्या बाजूनं वाचतो.
लांब शब्द आला की घरात मासे येतात.
'उत्कृष्टता'वर धाकटीचे बूट आले,
'नावीन्य' दोनदा आलं तेव्हा छपराचे पत्रे बदलले.
मी कशाला तक्रार करू?

पण हात चालत असताना डोकं रिकामं असतं.
माझ्या पहिल्याच खेपेला पंप गेला, उद्योग आला.
नंतर पूल.
मग गाव, तेही कुणाला न सांगता.
क्रियापदंसुद्धा बदलली.
बापाच्या वाक्यात माणसं काहीतरी करायची,
आता विद्यापीठच काहीतरी होत असतं,
अग्रगण्य होतं, जागतिक होतं,
आरशापुढे उभ्या नवरदेवासारखं
पुन्हा पुन्हा टाय नीट करतं.
नदी कुठल्याच वाक्यात नव्हती,
बापाच्याही नाही. तेव्हा ती नितळ होती,
त्यात लिहिण्यासारखं काय?
आता वरच्या अंगाला सोनं धुतात,
ती दुधाच्या चहासारखी वाहते
आणि ब्रश धुवायला मी नळाची वाट बघतो.

या खेपेला कागद घेऊन रजिस्ट्रार स्वतः आल्या.
मॅडम एस्सिलफी. भली बाई,
माझं बिल कधी अडवलं नाही.
दोन समित्या, अकरा महिने, आक्राहून एक सल्लागार,
त्यातून निघालेली साडेतीन ओळी.
मी दोरी ताणली, खडूच्या रेघा मारल्या
आणि म्हटलं, मॅडम, बसत नाही,
खिडकी आड येते. एक शब्द काढावा लागेल.
त्यांनी कागद उन्हात धरला,
ओठ हलवत दोनदा वाचला,
आणि शेवटच्या शब्दावर बोट टेकवलं : 'समाज'.
"हा काढ. अर्थ तोच राहतो."
मी वाचून पाहिलं.
खरंच, तोच राहत होता.
इंग्रजीत सात अक्षरं लागतात समाजाला.
चौदा सेडी बुडाले.

संध्याकाळी शिडीखाली मावुसी येऊन उभी,
सिव्हिल, तिसरं वर्ष, चपलेला लाल माती.
भिंतीकडे तिने पाहिलंही नाही.
"काका, रंग उरला का?"
डब्याच्या तळाशी दोन बोटं काळा होता, दिला.

ईस्टरला बहिणीच्या गावी गेलो.
शाळेमागचा हातपंप, तीन वर्षं मुका,
बोलत होता.
त्याच्या मानेवर माझाच काळा रंग :
वॉशर बदलला. ६ मार्च.
सप्टेंबरात पुन्हा बघायचा. मावुसी.

सहा मार्च म्हणजे देशाची सुट्टी,
संचलनाचा दिवस.
अक्षरं वाकडी, ओळ उजवीकडे घसरलेली,
टर्पेंटाइन जास्त पडल्याने ओघळ आलेले.
कुणीतरी पोरीला दोरी धरायला शिकवायला हवं.
बहीण दांडा मारत होती.
मी सवयीनं अक्षरं मोजायला लागलो,
मध्येच बादली भरली.