सुंठेची फाईल

काफांचानची सुंठ एकेचाळीस दिवसांत हॅम्बुर्गला पोचली.
तिची फाईलही त्याच सोमवारी निघाली.
आता तिसरा हरमाटन सुरू आहे
आणि ती अबुजात, दुसऱ्या मजल्यावर,
बिट्रुस गाराच्या टेबलावर आहे.

बिट्रुस वाईट माणूस नाही.
योजना तेल सोडून बाकी सगळ्या निर्यातीसाठी,
म्हणून तो फाईलजवळ कोसई तळलेली खात नाही.
डाग पडला, तो म्हणतो, तर तेलात धरतील.

रिफ्कातू काझा बसनं आली. पाच वेळा.
एकदा बँकेचा फॉर्म, एकदा जहाजाची बिल्टी,
एकदा त्याच बिल्टीवर निळ्या शाईतली सही,
आणि मग: डॉलर देशात परत आल्याचा दाखला.

आल्याचा दाखला होता तिच्याकडे, तपासनिसाचा,
ओलावा नऊ टक्के, बुरशी नाही.
डॉलर आल्याचा नव्हता.
(हा श्लेष माझ्या भाषेचा.
तिच्या बाजारात आल्याला चित्ता म्हणतात,
आणि त्या इमारतीच्या जिन्यात तोही बसून राहतो.)

अनुदान वाढीवर मिळतं.
गेल्या वर्षीपेक्षा किती जास्त पाठवलंत, भागिले, गुणिले.
बिट्रुसचा कॅल्क्युलेटर उन्हावर चालतो
आणि टेबल सावलीत आहे.
त्यानं खिडकीशी उभं राहून सहा टक्के काढले.
वरच्यांनी चार केले.
त्यांच्या वरच्यांनी "चर्चा करावी" असं लिहिलं
आणि बदली होऊन गेले.

मग पीक सडलं.
पानं पिवळी, कंद असा मऊ
की बोट लावलं तर आत जाई.
तिच्याच नाही, सगळ्या उतारावरच्या वाफ्यांत.
वाढीच्या रकान्यात बिट्रुसनं उणे चिन्ह काढलं.
जुन्या मालाचं काय, तिनं फोनवर विचारलं.
जुना माल जुन्या नियमात, तो म्हणाला,
आणि जुने नियम डिसेंबरात संपले.
पलीकडे बराच वेळ कोंबड्या ओरडत होत्या.

साहेब खूश. एक दावा आपोआप मिटला.
आमच्याकडे म्हणतात, सुंठेवाचून खोकला गेला.

खोकला बिट्रुसला होता.
काचा लावल्या तरी धूळ दातांत करकरते.
संध्याकाळी सातला, मजला रिकामा झाल्यावर,
त्यानं परिशिष्ट फ उघडलं:
नमुना, पन्नास ग्रॅम, लाखेची मोहर.
एक तुकडा मोडला. चावला.
तीन वर्षांनीही नाकाडोळ्यांतून पाणी.

पाकीट मिटून
त्यानं समासात लिहिलं, तारखेसह:
नमुना तपासला. माल चांगला आहे.
"बंद" लिहिलेल्या कपाटाची किल्ली खिशातच राहिली.
फाईल परत टेबलावर,
वर कॅल्क्युलेटर,
उडू नये म्हणून.