माळ्यावरची खोली

ओटिलिया चादर झटकते.
"खिडकीतून अख्खी हिमनदी दिसते," पाहुण्यांना सांगते,
"म्हणजे, उरली आहे तेवढी."

अकरा घरं. धूर फक्त चारांतून.
बाकीच्यांना कुलपं, आणि कुलपांचे आकडे
शहरातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये.

तुळईवर हे काय कोरलंय?
वर्ष, ती म्हणते. हिमलोट आला ते.

एवढंच.
पणजोबा कास्पर त्या हिवाळ्यात इथेच होते,
याच खिडकीखाली, फळीवर,
जमीन खणण्याजोगी होईपर्यंत.
एप्रिलपर्यंत.
खालची माणसं दूध तापवायची, हळू बोलायची,
वर ऐकू जाईल म्हणून.

"रात्री थंडी वाजेल?"
"छे," ती म्हणते,
तरी एक पांघरूण जास्तीचं ठेवते.
पलंगावर नाही.
खिडकीखाली.