तासांचं मीटर

मशीन परत द्यायला निघाले तेव्हा
रिक्षावाल्यानं विचारलं, छोटा फ्रीज आहे का?
हो म्हटलं.
बिटकोपासून द्वारकेपर्यंत
त्याला गुडघ्यांनी दाबून बसले,
खड्डा आला की पाठीवर हात ठेवायचे त्याच्या,
भाऊंच्या ठेवायचे तसा, उबळ आल्यावर.

भाऊ प्रेसमध्ये. छत्तीस वर्षं नोटांचे कागद तपासले.
केसाएवढी रेघ सरकली तरी
बोटाला कळायचं त्यांच्या.
डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, म्हणाले,
हे काळं दिसतंय ना, ती हवा आहे.
आत अडकलेली. बाहेर पडत नाही.
भाऊ म्हणाले, हवाच आहे ना, मग काय,
आणि जिन्यात दोनदा बसले खाली येताना.

जेल रोडच्या टपरीवर मी जायचे.
सात वर्षांची. एक पाकीट, एक काडेपेटी,
सुटे उरले तर माझे, लिमलेटच्या गोळीला.
कधी कधी मीच आठवण करून द्यायचे,
भाऊ, संपल्या ना हो तुमच्या?
हे कुणाला सांगितलेलं नाही मी.
आईला माहीत असावं.

दहाव्याला रामकुंडावर
भटजी दर्भ मोजत होते तेवढ्यात
हेमंत गाडीमागे जाऊन आला.
मग त्याच हातानं पिंड ठेवला.
कावळा लगेच शिवला.
सगळे म्हणाले, काही राहिलं नव्हतं दौलतरावांचं मागे.
मला वासच आला फक्त, ओळखीचा,
आणि खरं सांगते, क्षणभर
बरं वाटलं.
मग इतका राग आला की पायरीवर बसून
चपलेचा पट्टा सोडला, परत लावला.

लाईट गेली की आई अजून उठते रात्री.
अंधारात सिलिंडरची चावी शोधते,
कॉटच्या कोपऱ्याशी, जिथं टांगलेली असायची.
मी म्हणते, आई, झोप.
ती म्हणते, हो गं, माहितीय मला,
आणि लाईट येईपर्यंत बसून राहते.

दुकानात त्यानं वही काढली.
मागे वाकून मीटर मोठ्यानं वाचलं:
नेलं तेव्हा दोन हजार एकशे चाळीस,
आता आठ हजार नऊशे तीन.
वजाबाकी त्याच्याआधी माझी झाली.
सहा हजार सातशे त्रेसष्ट तास.
वीज गेलेली धरली नाही त्यात,
सिलिंडरवरच्या रात्री नाहीत,
आंघोळीला नळी काढून ठेवायचे ती दहा मिनिटंही नाहीत,
ती त्यांची त्यांनी काढली.
आणि आमच्या आधीचे दोन हजार एकशे चाळीस
कुणाचे, ते विचारलं नाही मी.
फिल्टरचे दोनशे कापून
डिपॉझिट हातात दिलं त्यानं.
सवयीनं एक नोट उजेडाकडे धरली.

बाकावर एक मुलगा बसलेला. सिन्नरचा.
नुकती मिशी फुटलेली, कॉलेजची बॅग.
माझं मशीन पुसून त्याच्याच पुढ्यात ठेवलं.
आईसाठी, म्हणाला.
मग, मी काहीच विचारलं नव्हतं तरी,
आई ओढत नव्हती हो कधी. वळायची.
दिवसाला हजार.
तेंदूची पानं घरभर.
मी तर त्या सुपाशेजारीच झोपायचो.

आवाज करतं का फार? त्यानं विचारलं.
करतं, म्हटलं. सवय होते.
पुढचं नाही सांगितलं,
की आवाज बंद झाल्यावर झोप कशी लागत नाही,
की मिक्सर शेजारच्या घरात लागला तरी
आपण हातातलं टाकून आत धावतो.

रिक्षा बोलावली होती ती आली.
पायरी उतरले, परत वर गेले.
नळी लांब घे, म्हटलं,
पंचवीस फुटांची मागून घे, ते छोटीच देतात.
ओट्यापर्यंत पोचायला हवी.
संध्याकाळी बाहेर बसावंसं वाटतं त्यांना.