एकविसावी फुली

दर दोन वर्षांनी, नोव्हेंबर सरता सरता,
थेम्सकाठच्या या इमारतीत
देश मतं मागायला येतात.
मतपत्रिका मी छापते. तीन.
पहिलीवर दहा जागा : ज्यांची जहाजं.
दुसरीवर दहा : ज्यांचा माल.
तिसरीवर वीस : ज्यांचं समुद्राशी
काही खास नातं आहे, असं
त्यांचं त्यांनीच सांगायचं.
खरी रेटारेटी या तिसरीत.

आठवडाभर आधीच खिरापत सुरू होते :
खजूर, चॉकलेटं,
उत्तर सोडून कुठेही दाखवणारी पितळी होकायंत्रं.
यंदा एकाने हिरव्या शाईची पेनं वाटली,
पहारेकऱ्यांनासुद्धा.

तियोती एकटाच येतो.
त्याच्या देशाच्या पाटीमागे तीन खुर्च्या,
एकीवर तो, एकीवर कोट, एकीवर पिशवी.
अकरा वर्षं जर्मन जहाजांवर तांडेल होता,
अजून कप टेबलाच्या कडेला ठेवत नाही.

"मिस हायसिंथ," चहा ढवळत म्हणाला,
"एकतीस जणांना शब्द देऊन बसलोय.
चौकटी वीस."
नाही म्हणायचं की रे.
"कसं म्हणू? एकाने धक्का बांधून दिला,
एक आमची पोरं बोटीवर घेतो,
आणि एक नुसताच जेवू घालतो,
पण आईचं नाव विचारतो. दर वेळी."
गुप्त असतं सगळं, मी म्हटलं.
"तीच तर पंचाईत."

मग नावं पुकारली गेली,
एकेक देश उठला, पेटीपाशी गेला,
घडी घालून, घसा खाकरून.

मोजताना एक पत्रिका निघाली
एकवीस फुल्यांची.
विसावर एक झाली की सगळ्या बुडतात, नियमच आहे.
शेवटची फुली अर्धवट,
पेन उचलून पुन्हा टेकवल्यासारखी.
शाई हिरवी.
पण हिरवी तर निम्म्या सभागृहाची होती.
बाद, मी लिहिलं.

ज्याच्या फायलीत एकशे एकतीस लेखी वचनं होती
त्याला चौऱ्याण्णव मतं पडली.
तो प्रत्येकाला मिठी मारत फिरला, आभार मानत,
आणि प्रत्येक जण त्याच्या खांद्यावरून
पलीकडे बघत राहिला.

संध्याकाळी तियोती नदीच्या कठड्याशी.
ओहोटी. चिखल, एक टायर, उलटी ट्रॉली.
"किती उतरतं इथलं पाणी?"
उधाणाला सातेक मीटर.
त्याने भिंतीवरची शेवाळाची रेघ नजरेने मोजली.
"आमच्या बेटावर सगळ्यात उंच
पाण्याची टाकी. तिच्या पायथ्याशी तीन."
आणि हसला. मला हसता आलं नाही.

त्याने खिशातून खजूर काढले, एक मला.
मी काही विचारलं नाही.
खाऊन झाल्यावर बी टाकायला मी हात उचलला,
त्याने तो धरला,
आणि दोन्ही बिया रुमालात बांधल्या.
"पाण्यात काही टाकायचं नसतं," म्हणाला,
"तुमच्याच इमारतीने शिकवलंय."