अकराव्या महिन्यात

टँकर येळ्ळूरच्या वळणावरच अडकला,
गल्ली अरुंद, त्यात कुणाची तरी भाताची ट्रॉली.
फकीरप्पानं मग पाइपच ओढत आणला
तीन घरांपुढून,
आणि तिन्ही घरांच्या खिडक्या मिटल्या.

मागच्या खेपेला चार वर्षं गेली होती.
या खेपेला अकरा महिने.
भरमा म्हणाला, गवंड्यानं फसवलं.
जाऊ म्हणाली, तुमच्याकडं पाहुणेच फार.
मी गप्प. मी हिशेब करत होते
लादी किती वेळा पुसली त्याचा.

पहारीनं झाकण उचकटलं.
फकीरप्पा वाकला, नाकाला फडकंही न लावता,
कालवण लागलं का बघावं तसा.
म्हणाला, "अक्का, टाकी सत्त होगैती."
मला आधी ऐकू आलं, सत्ता.
आमच्याकडं तो शब्द भिंतीवर असतो,
दोन्ही लिप्यांत, एकमेकांवर चुना मारून लिहिलेला.
त्यानं मान एका बाजूला टाकून दाखवली,
पिरगळलेल्या कोंबडीसारखी.
मग समजलं.

"वास घे की. घाणीचा हाय काय? दवाखान्याचा हाय.
आत हुळा असत्यात, डोळ्यानं न दिसणारी,
तीच खात्यात सगळं, तीच पाणी करत्यात.
एन हाक्तीरी इदराग?"

काय घालते मी यात.

एकेक बाटली आणून कट्ट्यावर ठेवली.
निळी, जिच्यावर लादीत तोंड बघणारी बाई.
ॲसिडची, बिनलेबलची, खडेबाजारातली,
टोपणाला पिवळी फडकी बांधलेली.
ब्लीचिंग पावडर, पंचायतीनं विहिरीसाठी दिलेली, उरलेली.
आणि फिनेलचा पाच लिटरचा कॅन,
पाण्यात ओतलं की दूध होणारा.
धाकटीनं पाठीमागचं वाचून दाखवलं;
तिची शाळा कन्नड, माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं.
"एच्चरिके म्हणजे सावधान, आई.
नव्याण्णव टक्के जंतू मारतं म्हणे."
फकीरप्पा हसला.
"मंग उरलेल्या एक टक्क्यानं किती राबायचं?"

धुवायचं कशानं मग, मी जरा तोऱ्यातच विचारलं.
त्यानं उलट विचारलं, या बाटल्यांच्या आधी कशानं धूत होतीस?
आठवलं. लिंबाच्या साली, पिळून झालेल्या.
खायचा सोडा. तांब्यांना आंबूस ताक,
रिठ्याचं पाणी, काथ्या,
आणि मनगटं.
लादी तेव्हा इतकी पांढरी नव्हती, हे खरं.
चार वर्षं टाकी भरत नव्हती, हेही.

मोटर तासभर घुरघुरली.
पाइप गुंडाळताना तो म्हणाला,
सगळी नाही उपसली, तळाला थोडं ठेवलंय, "हेप्पु".
माझ्या कपाळावरची आठी बघून
त्यानं बोटानं हवेतच भांडं ढवळलं.
विरजण.
इतकी वर्षं दह्याला लावतेय,
घरात दुसरीकडंही लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

चहा दिला. कुठल्या कपातनं दिला
ते विचारू नका.
मोरीबाहेर खिळ्याला एक असतो, कान तुटलेला.
तो सगळ्यात खालच्या पायरीवर बसून प्यायला,
फुंकर मारत, राजहंसगडाकडं बघत,
कप उपडा ठेवून गेला.

टँकर वळला आणि माझा हात
आपोआप कॅनवर गेला.
टोपण दोन आटे फिरलं.
पायरीचं पाणी मोरीत जातं.
मोरीचं टाकीत.
तळाशी मूठभर काहीतरी
आत्ता कुठं लागायला लागलं असेल.

शेजारी बादल्या वाजायला लागल्या.
तिन्ही दारांपुढं पाणी पांढरं झालं,
तो तर तिथं थांबलाही नव्हता.

मी टोपण आवळलं.
कप उचलला, सोडा लावून घासला,
लिंबाची साल आतून फिरवली,
आणि फडताळात ठेवायला गेले तर
जागाच नव्हती.
दोन कप सरकवावे लागले.