कोरा

गोळीबार चौकातल्या आमच्या गच्चीवर
सकाळी सात ते दहा, एवढंच ऊन मी वापरतो.
त्यानंतरचं नागपूरचं ऊन प्लास्टिकलाही सोसत नाही.
मागच्या वर्षी एक झाकण तापून पापडासारखं फुगलं,
ते अजून जिन्यात आहे, त्यात कांदे असतात.
उजेड पाहिजे, आच नको:
हे समजायला मला दोन मे महिने लागले.

इतवारीतल्या भंगारातून उचलला हा संगणक,
किलोच्या भावानं, वर एक चहा.
रंग जुन्या रेशनकार्डाच्या कडेचा.

पार्लरच्या सामानाच्या दुकानात
केस भुरे करायची क्रीम मागितली, दोन बाटल्या.
"कोणाचे केस आहेत?" मुलीनं विचारलं.
म्हटलं, छत्तीस वर्षांचा आहे, टकला.

ब्रशनं फासायची, वरून पातळ पन्नी.
पन्नीला सुरकुती राहिली की तिथं पट्टा उमटतो,
म्हणून दर वीस मिनिटांनी उचला, पुन्हा फासा.
रबरी मोजे घालूनही
अंगठ्याच्या टोकाला पांढरा चटका बसलाच.

चादरीच्या दुसऱ्या टोकाला पौनीकरकाकूंच्या कुरडया.
"हे कोणतं वाळवण व्हय?"
"बटणं आहेत काकू, एकशे एक."
"अन् हे लांबट?"
"ते मोकळी जागा सोडायचं."
काकू जरा वेळ त्याच्याकडेच पाहत राहिल्या.

अशाच एकावर मी शिकलो होतो.
एका लुगड्याच्या मजुरीत एका महिन्याची फी.
जोडे बाहेर काढून, हात पँटला पुसून आत जायचं.
माझ्या आठवणीत तो दुधासारखा शुभ्र आहे.
तेवढा शुभ्र होईपर्यंत फासत राहायचं, असं ठरवलं होतं.

बाबा वर आले, एक पायरी, एक श्वास.
चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस,
सपाट जमिनीवर पाय कुठं ठेवावे ते अजून त्यांना कळत नाही.
"काय करून राहिला बे?"
"पिवळेपणा काढतो."
"ब्लीचिंग म्हण ना मंग."

मागचं स्टिकर मी कालच सोललं होतं,
टर्मिनल सात.
त्याखाली एक चौकोन,
ज्याला ऊन लागलं नाही, ट्यूबलाइट नाही, कुणाचा हातही नाही.
बाबांनी चष्मा कपाळावर सारला
आणि त्यावर अंगठा फिरवला,
ज्या अंगठ्यानं ते अंधारात सुताचा नंबर सांगायचे.

"हा कोरा आहे," म्हणाले.
"मागावरून उतरलेलं कापड रायते ना, धुवायच्या आधीचं, तसा.
पांढरा नव्हताच हा कधी.
पांढरा करायले जाशील त सूत मरते. थांब इथंच."

नऊ पस्तीस झाले होते.
पन्नी काढली, ओल्या फडक्यानं पुसला.
डाव्या कुशीवर एक सुरकुती उमटली आहे, ती जाणार नाही.

"पुन्हा पिवळा पडंल काय?"
"पडेल. आग लागू नये म्हणून आतच काहीतरी घातलेलं असतं,
ते अंधारातही वर येतं."
"मंग? नागपुरात उन्हाची टंचाई हाय काय?"

काकूंनी खालून हाक दिली, कुरडया उलटवा म्हणून.
दोघंही वाकलो.
मधूनच एखादं बटण बाबांच्या हाती लागत होतं,
एखादी कुरडई माझ्या.