परका माग

चिलवेरींच्या कारखान्यात टॉवेलचं डिझाईन
फक्त विंडोजवर उघडतं.
अकरा वर्षं मी लिनक्सच्या काळ्या पडद्यावर
पांढऱ्या अक्षरांनी संसार केला.
लग्नाची पत्रिकासुद्धा तिथंच जुळवली,
फुकटात, हे बायको अजून पाहुण्यांना सांगते.
आता अक्कलकोट रोडला, पत्र्याखाली,
निळ्या खिडकीसमोर बसलोय.
एक महिना बघू, म्हणालो.

नावं ठेवायला वही घेऊन गेलो.
खरीखुरी वही, शंभर पानी.
पहिल्या पानावर लिहिलं:
न विचारता बंद पडलं, दुपारी तीनला,
मोराचा पिसारा अर्धा झालेला असताना.
दुसऱ्या पानावर:
हवामान कुणी विचारलं होतं?
कोपऱ्यातून सांगतंय, त्रेचाळीस.
ते तर पत्राच सांगतोय.

तिसऱ्या पानाशी पेन थांबलं.
प्रिंटरची वायर लावली
आणि त्यानं कागद दिला.
इतकंच.
मला माझे रविवार आठवले,
असल्याच एका प्रिंटरच्या मागं गेलेले.
तो शेवटी चालला तेव्हा गॅलरीत येऊन ओरडलो होतो,
कन्ना चौकातल्या चहावाल्यानं
गाळणी हातात तशीच धरून वर बघितलं होतं.
इथं कुणी ओरडलं नाही.
मलाच कसंतरी झालं.

शेजारच्या टेबलावर रुकय्या बागवान.
दर दोन मिनिटांनी माउसची उजवी टिचकी,
रिफ्रेश. परत रिफ्रेश.
पडदा डोळा मिटून उघडल्यासारखं करतो, बस.
मी म्हणालो, अहो, यानं काहीच होत नाही.
माहितीये की, ती म्हणाली,
डब्यातली शेंगाचटणी माझ्याकडं सरकवत,
हाताला मधे काहीतरी लागतं.
तुम्ही नाही का सारखं ते एल एस, एल एस करलालाव?
करतो खरं.
कुठंही गेलो तरी आधी विचारतो,
इथं काय काय आहे.
इथंही विचारलं. ओळखलं नाही त्यानं.

नाना हातमाग सोडून पॉवरलूमवर गेले
तेव्हा मी सहावीत होतो.
महिनाभर झोपेत पाय मारायचे.
खाली पावड्या नसायच्या, गोधडी असायची.
अम्मा उठून त्यांचे पाय धरून बसायची, अंधारात.
नवा माग चांगला की वाईट
ते कधी बोलले नाहीत.
एकदाच म्हणाले, तेलुगूत,
याला विणकर नको, राखणदार पाहिजे.

कारखान्याच्या मागच्या खोलीत
जुन्या जकार्टचे पुठ्ठे पडलेत, दोरीत ओवलेले.
भोक म्हणजे हो.
भोक नाही म्हणजे नाही.
एक उचलून उन्हात धरला.
फूल काही दिसलं नाही,
फरशीवर नुसते उन्हाचे ठिपके.
गाजुल मास्तर हे पुठ्ठे मागेल त्याला द्यायचे,
एका चहावर,
आणि नक्कल करणारा चुकला
की शिवी घालून बरोबर करून द्यायचे.
आताच्या फुलाला किल्ली लागते,
अंगठ्याएवढी, हिरवी,
रात्री मालकाच्या कपाटात झोपते.
हे मी तिसऱ्या पानावर लिहिलं.
मग वाटलं, यात या बिचाऱ्या खिडकीचा काय दोष,
आणि खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

महिना भरला.
मोराचे दोन हजार टॉवेल निघाले,
एका मोराला पाय थोडे जाड आलेत, ते मलाच कळतं.
वहीच्या उरलेल्या पानांवर
मुलगी मांजरं काढते.

रात्री घरचं मशीन उघडलं.
तीच काळी पाटी, तीच लुकलुकती रेघ,
माझं नाव, आणि पुढं मोकळी जागा.
करायचं तसं काही नव्हतं.
हात माउसवर गेला.
उजवी टिचकी.
यादी उघडली
आणि मी वरपासून खालपर्यंत वाचत गेलो,
परत वरून.
बायको म्हणाली, काय शोधलालाव एवढं?
काही नाही, म्हटलं,
आणि बोट तिथंच ठेवलं, थोडा वेळ.